न पडता मोडलेलं हाड

1855 साली प्रशियाच्या सैन्यातला शल्यचिकित्सक ब्राइथाउप्ट एका कोड्यात सापडला होता. लांब पल्ल्याची कूच करून आलेल्या धडधाकट तरुण शिपायांचे पाय सुजत होते, पाऊल टेकवेनासं होत होतं. कोणी पडलं नव्हतं, कोणाला मार लागला नव्हता. त्याने लक्षणं नीट लिहून ठेवली आणि कंडरांच्या आवरणाला सूज आली असावी, असं निदान केलं. त्या काळी याहून आत डोकवायला वाटच नव्हती. 1895 च्या अखेरीस रोंटगेनला क्ष-किरण सापडले आणि 1897 मध्ये स्टेखोव या डॉक्टरने शिपायांच्या तशाच सुजलेल्या पायांची छायाचित्रं काढली. पंजाची लांब हाडं तडकलेली होती. चाळीस वर्षं ज्याला सूज म्हणत होते, तो अस्थिभंग होता.

हे सगळं मी वाचलं ते माझीच डावी नडगी दुखायला लागल्यावर. साताऱ्यात आमच्या ग्रुपचा रविवारचा नेम ठरलेला: पहाटे निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने जमेल तितकं जाऊन परत फिरायचं. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलेलं होतं. पावसाळा सरता सरता नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं वर, दुखू लागलं. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, आणि शेवटी रात्री अंथरुणात पाय नुसता ठेवला तरी.

अस्थिरोगाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "कुठे दुखतं ते तळहाताने दाखवू नका. एका बोटाने दाखवा." मी दाखवलं. त्यांनी त्याच जागी अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उठून बसलो. दुखरी जागा रुपयाच्या नाण्याएवढी होती. तिच्या दोन बोटं वर काही नाही, दोन बोटं खाली काही नाही. एक्स-रे मात्र स्वच्छ आला. मला हायसं वाटलं, डॉक्टरांना वाटलं नाही. "पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही," ते म्हणाले. "तुमचं बोट काय सांगतंय ते मला जास्त महत्त्वाचं. एमआरआय करू या." एमआरआयमध्ये हाडाच्या पोकळीत पांढरट धूसर डाग पसरला होता आणि त्या डागात केसासारखी बारीक काळी रेघ होती. स्टेखोवला शिपायांच्या पंजात दिसलं तेच इथे नडगीत, त्याच्यापेक्षा बऱ्याच लवकरच्या टप्प्यावर दिसत होतं.

न पडता हाड मोडतं कसं, याचं उत्तर हाड जिवंत असण्यात आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. त्याने हाडात सूक्ष्म चिरा पडतात, आणि पडल्याच पाहिजेत, कारण दुरुस्तीचं काम त्यांच्यामुळेच सुरू होतं. काही पेशी तो खराब भाग उकरून काढतात, मग दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. ग्यानबाची मेख वेळेत आहे. उकरायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि भरायला जवळपास तीन महिने. रस्ता खोदून ठेवला आहे, डांबर यायचं आहे आणि तेवढ्यात वाहतूक दुप्पट झाली, अशी ती अवस्था असते. सराव वाढवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणसाचा दम वाढलेला असतो, पाय हलके वाटतात, आणि नेमकं तेव्हाच हाड सर्वांत पोकळ असतं. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायली सैन्यातल्या एका अभ्यासात 295 नव्या जवानांवर प्रशिक्षणभर लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या 31 टक्क्यांना असा अस्थिभंग झाला. ही सगळी तरुण, निवडून घेतलेली माणसं होती.

धावणं बंद झालं. लांब पळणाऱ्याला हे ऐकताना काय वाटतं, ते पळणाऱ्यालाच कळतं. पायाइतकीच भीती कमावलेलं सगळं वाहून जाण्याची असते, आणि ती खोटी नसते. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी 1984 साली मुरलेल्या खेळाडूंना सराव पूर्ण थांबवायला सांगून मोजमाप केलं होतं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या 21 दिवसांतच 7 टक्क्यांनी घसरली आणि 56 दिवसांनंतर 16 टक्के खाली येऊन थांबली. डॉक्टरांनी मात्र दुसरा रस्ता दाखवला. "हाडाला विश्रांती हवी आहे, हृदयाला नको. चालताना दुखायचं थांबलं की पोहा आणि सायकल चालवा. फक्त तलावाच्या भिंतीला पाय मारून वळायचं नाही."

भिंतीची ही अट ऐकायला किरकोळ वाटली, पण तिनेच मला समुद्रापर्यंत नेलं. पंचवीस मीटरच्या तलावात दर अर्ध्या मिनिटाला भिंत येते. पोहणारा तिथे दोन्ही पाय टेकून स्वतःला जोराने ढकलतो, आणि तो धक्का नडगीतूनच जातो. मी मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरून नुसत्या हातांनी पोहायचो, भिंतीपाशी थांबायचो, हाताने वळायचो. लय म्हणून लागायची नाही. लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलो होतो, तिथेही चार हात मारले की दगडी भिंत. भिंत नसलेलं पाणी हवं होतं.

मालवणला मावशी असते. दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो. चिवला बीचवर डिसेंबरमध्ये समुद्री जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा होतात, त्यामुळे भल्या सकाळी तिथे सराव करणारी मुलं आणि त्यांचे पालक हमखास दिसतात. रापणीचं जाळं ओढणाऱ्यांची एका बाजूला धावपळ चाललेली. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मला आधी पाण्यात जाऊच दिलं नाही. भरती कधी आहे, ओहोटी कधी लागते, ओढ कुठल्या बाजूला आहे, हे दोन दिवस नुसतं बघायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीची छोटी होडी बरोबर घेऊन आम्ही निघालो. माझ्या कमरेला नारिंगी रंगाचा फुगा दोरीने बांधलेला होता.

पोहणं येत असलं, तरी समुद्रातलं पोहणं पहिल्यापासून शिकावं लागतं. तलावात तळाला काळी रेघ असते, इथे खाली फक्त हिरवट धूसर उजेड. दहा-बारा हात मारून मान वर काढली तेव्हा समोर माडांची रांग असायला हवी होती. दिसला तो नुसता खुला समुद्र. मी सरळ पोहत नव्हतोच. लाट डावीकडून येत होती आणि मी श्वासही डावीकडेच घेत होतो, त्यामुळे दर दुसऱ्या श्वासाला खारं पाणी तोंडात. छाती धडधडायला लागली. काका होडीतून ओरडले, "अरे, उताणा हो! आभाळाकडे बघ जरा!" उताणा झालो. खाऱ्या पाण्याने अलगद तोलून धरलं. विहिरीत इतक्या सहज तरंगल्याचं मला आठवत नाही. श्वास जागेवर आला, मग उजवीकडे श्वास घ्यायला लागलो. दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून दोन माडांमधलं कौलारू घर शोधायचं आणि पुन्हा डोकं खाली घालायचं. थोड्या वेळाने मोजणी थांबली. सलग, न वळता, न थांबता हात चालत होते आणि गेल्या कित्येक आठवड्यांत न मिळालेली ती लांब पळण्याची धुंदी पाण्यात मिळत होती. नडगी गप्प होती.

मनगटावरचं घड्याळ मात्र कोड्यात टाकत होतं. दम तर पूर्ण लागलेला, पण हृदयाचे ठोके धावतानाच्या आकड्याला पोहोचत नव्हते. याचं कारण सरळ आहे. आडव्या शरीरात रक्त हृदयाकडे सहज परततं, पाण्याचा दाब त्याला मदत करतो आणि पाणी अंग थंड ठेवतं. म्हणून पोहताना कमाल ठोके साधारण 10 ने कमी भरतात. धावण्याचे आकडे पाण्यात लावून स्वतःला दामटू नये, हे नव्याने पोहायला लागलेल्या प्रत्येक धावपटूने लक्षात ठेवावं.

साताऱ्याला परतल्यावर सायकल आली. ज्या घाटात पाय दुखावला तोच यवतेश्वरचा घाट आता हलक्या गिअरवर, पायडल भरभर फिरवत चढू लागलो. सीटची उंची नीट लावून घेतली, जोर देण्यापेक्षा फिरवण्यावर भर ठेवला. काही आठवड्यांत दम धावण्याच्या दिवसांइतका आला, कदाचित जास्तच. आता पायात बूट घालायचे आणि निघायचं, असं वाटू लागलं.

इथे या कथेतला खरा शोध येतो, आणि तो मला सुखावणारा नव्हता. 1975 साली लॅनियन आणि सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग केला होता. जिवंत माणसाच्या नडगीच्या हाडावर थेट ताणमापक चिकटवून चालताना-धावताना हाड किती वाकतं ते मोजलं. पुढे 2000 साली इस्रायलच्या मिलग्रॉम यांच्या गटाने सहा जणांच्या नडगीवर तसंच मोजमाप घेतलं: चालताना, धावताना, जागेवरच्या सायकलवर आणि इतर व्यायामांत. धावण्याचा ताण चालण्याहून बराच जास्त निघाला, आणि सायकलवरचे ताणणारे व कातरणारे ताण चालण्यापेक्षाही कमी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झालो, कारण सायकल सुरक्षित आहे याचा तो पुरावा होता. दुसऱ्यांदा वाचलं आणि थबकलो. चालण्याने हाड फारसं भक्कम होत नाही. मग त्याहून कमी ताण देणारी सायकल ते कशी करणार? ज्या आकड्याने सायकल निर्धोक ठरत होती, त्याच आकड्याने ती हाडासाठी निरुपयोगी ठरत होती. पोहण्याचंही तेच. नियमित पोहणाऱ्यांची हाडं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा फारशी घट्ट नसतात, आणि अनेक वर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची घनता कमी आढळते. अंतराळवीरांची हाडं भाराशिवाय महिन्यागणिक झिजतात, त्याच्या मुळाशी हेच आहे.

भाराने हाड घडतं, या कल्पनेचं बीज फार जुनं आहे. 1866 मध्ये झुरिचला शरीररचनाशास्त्रज्ञ फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, आणि पूल-यंत्रांची गणितं शिकवणाऱ्या कुलमान या अभियंत्याला त्यातल्या बारीक तंतूंच्या रांगांत क्रेनच्या आराखड्यातल्या ताणरेषा दिसल्या. 1892 मध्ये बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी त्यावरून नियम मांडला: हाड ज्या दिशेने भार घेतं, त्याप्रमाणे स्वतःला घडवतं. भारच मिळाला नाही तर घडण्याचं कारणच उरत नाही.

म्हणजे पाण्याने आणि चाकांनी माझं हृदय वाचवलं होतं, पण मला एका सापळ्यापाशीही आणून ठेवलं होतं. हृदय दहा किलोमीटरला तयार आणि नडगी जेमतेम चालण्याला. जखमी धावपटू परतताना पुन्हा मोडतात, त्यामागचं एक मोठं कारण मला ही तफावत वाटते.

वाट दाखवली ती उंदरांनी. जपानमध्ये उमेमुरा यांनी 1997 साली उंदरांना रोज फक्त पाच उड्या मारायला लावल्या आणि तेवढ्यानेच त्यांच्या पायांची हाडं जाड आणि मजबूत झाली. उड्या वाढवल्या, तरी फायदा त्या प्रमाणात वाढला नाही. टर्नर आणि रॉबलिंग यांच्या प्रयोगांतून कारण कळलं: हाडातल्या पेशी काही झटक्यांनंतर बधिर होतात आणि काही तासांची विश्रांती मिळाली की पुन्हा जाग्या होतात. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी त्यावर माझा परतीचा रस्ता बेतला. दुखरी जागा दाबूनही दुखेनाशी झाल्यावर सकाळी मोजक्या छोट्या उड्या, संध्याकाळी पुन्हा तेवढ्याच. त्यानंतर मातीच्या मैदानावर मिनिटभर पळणं, मिनिटभर चालणं, एक दिवस आड. दम कितीही शिल्लक असला तरी त्याच्यापुढे जायचं नाही. दमाची भूक पोहण्यावर आणि सायकलवर भागवायची. जानेवारीची मॅरेथॉन अर्थातच गेली. पुढच्या पावसाळ्याआधी यवतेश्वर पुन्हा पायांनी चढलो.

धावणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला म्हणून धावायला निघू नका, एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. बरं होईपर्यंत खुशाल पोहा, सायकल चालवा. समुद्रात उतरायचं तर भरती-ओहोटी कळणारं माणूस आणि होडी बरोबर घ्या. आणि परत धावायला लागाल तेव्हा किती धावायचं हे श्वासाला विचारू नका, हाडाला विचारा.