वाड्याच्या पोटातलं पाप

नव्या घराची वास्तुशांत झाली की आग्नेय कोपऱ्यात खड्डा खणून त्यात वास्तुपुरुषाची धातूची इवलीशी प्रतिमा पालथी ठेवतात आणि वरून फरशी बसवतात. पिढ्या येतात, जातात, वास्तुपुरुष तिथेच. घरात वाईट बोलू नये, तो ‘तथास्तु’ म्हणतो, ही ताकीद कितीतरी आज्यांनी दिलेली आहे. म्हणजे आपल्या पायाखाली कुणीतरी सगळं ऐकत असतं! या श्रद्धेतून केवढा अस्वस्थ करणारा सिनेमा उभा राहिला, हे पाहून मी आजही थक्क होतो.

पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘वास्तुपुरुष’ २००२ सालचा. देशपांड्यांचा वाडा. जमिनी गेल्या, घराण्याचा तोरा मात्र गेलेला नाही. सदाशिव अमरापूरकरांनी साकारलेला काका वाड्यात पुरलेलं धन शोधतोय. उत्तरा बावकरांनी साकारलेल्या आईला मात्र त्याच जमिनीखाली पूर्वजांचं पाप दिसतं. वास्तुपुरुष अतृप्त आहे, अशी तिची खात्री. मग उपाय काय? धाकट्या भास्करने डॉक्टर व्हायचं आणि गोरगरिबांची सेवा करायची.

पापाची फेड कशी करायची, याचा विचार आपल्या परंपरेत भरपूर झालेला आहे. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९५३ मध्ये काढला. पातकं आणि प्रायश्चित्तं यांचा त्यात प्रचंड पसारा आहे: पश्चात्ताप, पापाची कबुली, जप, उपवास, दान. हे सारं मुख्यतः ज्याने पाप केलं त्याने करायचं. पण करणारे आणि सोसणारे दोघेही केव्हाच मरून गेले असतील, तर क्षमा कुणी मागायची आणि कुणाकडे? सिनेमातली ही आई भटजींना न बोलावता मुलाचं अख्खं आयुष्यच प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवते. मला हे जितकं भव्य वाटतं तितकंच भयंकरही; कारण पाप त्या पोराचं नाहीच.

सुमित्राताई मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या. सिनेमाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. सुकथनकर फिल्म इन्स्टिट्यूटचे. या सिनेमात पाप आभाळातून पडत नाही, ते जमिनीच्या मालकीला चिकटलेलं असतं, आणि ही नजर समाजात वावरलेल्या बाईचीच.

‘वास्तुपुरुष’ घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून पाहा. संपला की त्यांना विचारा, आपल्याकडे जमीन कुठून आली होती?