बारा जणांनी कोणाच्या डोळ्यांनी पाहायचं?

अमेरिकेतल्या खुनाच्या खटल्यात एक दिवस असा येतो की तो कुठल्याही सिनेमात दिसत नाही. साक्षीपुरावे संपलेले असतात, ज्युरीला बाहेर पाठवलेलं असतं, आणि न्यायाधीशांसमोर सरकारी वकील व बचावाचे वकील एका मसुद्यावर ओळीओळीने भांडत असतात. ज्युरीला कायदा समजावून सांगणाऱ्या सूचनांचा हा मसुदा. आरोपी जेव्हा म्हणतो, ‘मारलं मीच, पण मारलं नसतं तर मीच मेलो असतो,’ तेव्हा खटल्याचा कल पुष्कळदा या कागदातल्या चार-पाच वाक्यांवर ठरतो.

कामाची वाटणी जुनी आहे. काय घडलं ते ज्युरीने ठरवायचं, कायदा काय आहे ते न्यायाधीशाने सांगायचं. ज्युरीत बसणारे म्हणजे शिक्षिका, ट्रकचालक, निवृत्त कारकून. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलेलं नसतं आणि खटला चालू असताना उघडायलाही बंदी असते. त्यामुळे न्यायाधीश जे वाचून दाखवेल तेवढाच त्यांचा कायदा. पूर्वी हे भाषण जो तो न्यायाधीश आपापल्या परीने रचायचा आणि वरच्या न्यायालयात त्याची चिरफाड व्हायची. मग लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी 1938 साली दिवाणी दाव्यांसाठी ठरीव सूचनांचं पुस्तक काढलं आणि ती पद्धत देशभर पसरली. कॅलिफोर्नियात आज वापरतात त्या फौजदारी सूचना 2006 पासूनच्या आहेत. त्यातल्या 505 क्रमांकाच्या सूचनेत हत्या आणि स्वसंरक्षणाचा विषय आहे. आपण तीच धरून चालू.

मागितली म्हणून ही सूचना मिळत नाही. ज्युरीने विश्वास ठेवला तर स्वसंरक्षण पटेल, असा काहीतरी ठोस पुरावा समोर आलेला असावा लागतो. साक्षीदार खरा की खोटा हे मात्र न्यायाधीशाने इथे तोलायचं नसतं, ते ज्युरीचं काम. पुरेसा पुरावा असूनही सूचना नाकारली, तर दोषी ठरलेल्या आरोपीच्या हाती अपिलासाठी एक बळकट मुद्दा येतो. म्हणून शंका असेल तेव्हा अनुभवी न्यायाधीश सूचना देऊन मोकळे होतात.

सूचनेचा गाभा तीन अटींचा आहे. आपण किंवा दुसरं कोणी तत्काळ मारलं जाण्याच्या किंवा गंभीर जखमी होण्याच्या धोक्यात आहोत, असं आरोपीला वाटलं आणि तसं वाटणं वाजवी होतं. तो धोका टाळायला त्याच क्षणी प्राणघातक बळ वापरणं गरजेचं आहे, हेही त्याला वाजवीपणे वाटलं. आणि गरजेपेक्षा जास्त बळ त्याने वापरलं नाही. पुढे कधीतरी होणाऱ्या हल्ल्याची भीती, ती कितीही मोठी असो, इथे चालत नाही. उलट, धोका प्रत्यक्षात नसला तरी चालतो. समोरच्याच्या हातातलं पिस्तूल खेळण्यातलं निघालं म्हणून बचाव कोसळत नाही, खरं मानणं वाजवी होतं एवढं पुरतं.

शेवटी येतं ते वाक्य माझ्या मते सगळ्यात जड आहे. हत्या समर्थनीय नव्हती, हे सरकार पक्षाने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं. ते जमलं नाही तर निर्दोष ठरवलंच पाहिजे. म्हणजे आरोपीने स्वसंरक्षण सिद्ध करायचं नसतं. ‘कदाचित तो खरं सांगत असेल’ एवढी वाजवी शंका ज्युरीच्या मनात उरली तरी तो सुटतो. खटल्याबाहेरचे लोक इथेच सर्वांत जास्त चकतात. ‘पुरावा काय होता त्याच्याकडे?’ हा चौकातला प्रश्न ज्युरीच्या खोलीत उलटा विचारायचा असतो. सगळीकडे कायमच असं होतं असंही नाही. ओहायोत ही जबाबदारी आरोपीवर होती आणि 1987 साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही घटनेत बसतं असं म्हटलं. ओहायोने कायदा बदलला तो 2019 साली. आपल्याकडे खासगी बचावाचा हक्क सांगणाऱ्या आरोपीवर आजही काही भार असतोच. फक्त त्याला वाजवी शंकेपलीकडे जावं लागत नाही, आपली हकिगत अधिक संभवनीय आहे एवढं दाखवलं की पुरतं.

माघार घ्यायची सक्ती आहे की नाही, यावर राज्याराज्यांत फरक आहेत. कॅलिफोर्नियात नाही, न्यूयॉर्कमध्ये पूर्ण सुरक्षितपणे निसटता येत असेल तर प्राणघातक बळ वापरण्याआधी निसटावं लागतं, स्वतःच्या घरात असाल तर नाही. भांडण आरोपीनेच उकरलं असेल तर सूचनेत वेगळी पुरवणी लागते. 2021 साली विस्कॉन्सिनमधल्या केनोशा इथे स्वसंरक्षणाचा दावा करणाऱ्या कायल रिटनहाउसच्या खटल्यात ही पुरवणी द्यायची की नाही यावरून बरीच खडाजंगी झाली. त्याने आधी बंदूक रोखली होती, असं सरकार पक्ष ड्रोनच्या चित्रफितीवरून सांगत होता. पुरवणी दिली गेली, आणि तरी ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.

खरा तिढा ‘वाजवी’ या शब्दात आहे. वाजवी कोणाच्या मते? आरोपीला मनापासून जे वाटलं तेच वाजवी धरलं, तर भित्र्या किंवा पूर्वग्रहदूषित माणसाला हत्येचा परवाना मिळतो. नुसता काल्पनिक शहाणा माणूस उभा केला, तर आरोपीचं वय, शरीर, पूर्वानुभव सगळं पुसलं जातं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत 1984 साली बर्नहार्ड गेट्झने चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. ते चौघे वाचले, त्यामुळे खटला हत्येचा नव्हता, पण 1986 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल हत्येच्या खटल्यांनाही लागू पडला. कसोटी वाजवी माणसाचीच. मात्र त्या माणसाला आरोपीच्या परिस्थितीत उभं करायचं, समोरच्यांची अंगकाठी आणि आरोपीचे आधीचे अनुभव धरून.

आरोपीच्या परिस्थितीत म्हणजे नेमकं कुठवर, याचं उत्तर त्याआधी नऊ वर्षं वॉशिंग्टन राज्याने दिलं होतं. स्पोकेन शहरात 1972 साली यव्होन वॉनरो या मूळनिवासी स्त्रीने मैत्रिणीच्या घरात पहाटे एका माणसाला गोळी घातली. तिची उंची पाच फूट चार इंच, पाय प्लास्टरमध्ये, हातात कुबडी. तो सहा फूट दोन इंचांचा आणि दारू प्यायलेला. त्याने मुलांशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारी तिच्या कानावर आल्या होत्या, पोलिसांनी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं. ज्युरीने तिला खुनाबद्दल दोषी धरलं.

1977 साली हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा सूचनेतल्या दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे हत्येच्या वेळी किंवा त्याच्या लगेच आधी जे घडलं तेवढंच पाहा, असं ज्युरीला सांगितलं होतं. तिला त्या माणसाविषयी जे ठाऊक होतं ते सगळं या एका वाक्याने दाराबाहेर राहिलं. दुसरी म्हणजे, हल्लेखोर रिकाम्या हातांनी आला तर शस्त्र कधी चालतं हे सांगताना सगळी सर्वनामं पुल्लिंगी होती. कायद्यात पुरुषवाचक सर्वनाम सर्वांसाठी चालतं, असा बचाव सहज करता आला असता. पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन तुल्यबळ पुरुषांची मारामारी उभी राहते आणि कुबडीवरची बाई त्या चित्रात मावत नाही, असं न्यायालयाला दिसलं. दोषसिद्धी रद्द झाली. फेरखटला उभा राहिला नाही. तिने कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात न जाता सुटली. त्या राज्याच्या ठरीव सूचनेत आता घटनेच्या वेळची ‘आणि त्याआधीची’ परिस्थिती आरोपीला जशी दिसली तशी धरा, असं स्पष्ट असतं. मारहाणीत वर्षानुवर्षं राहिलेल्या बायकांच्या खटल्यांत या तीन-चार शब्दांवर फार काही टेकलेलं असतं.

कॅलिफोर्नियात अजून एक मधली पायरी आहे. आरोपीला भीती खरोखरच वाटली, पण ती वाजवी नव्हती, असं ज्युरीचं मत पडलं तर? तो निर्दोष ठरत नाही, पण खुनीही ठरत नाही. गुन्हा सदोष मनुष्यवधावर उतरतो. शिक्षेत त्याने कित्येक वर्षांचा फरक पडतो. या मधल्या पायरीची सूचना मागायची की ‘सोडा नाहीतर खुनी ठरवा’ असा डाव टाकायचा, हा बचावाच्या वकिलापुढचा पेच. कॅलिफोर्नियात मात्र पुराव्याने ती सूचना सुचत असेल तर वकिलाने मागितली नाही तरी न्यायाधीशाने द्यावीच लागते, म्हणजे जुगार तिथे फारसा चालत नाही.

मग बारा जण कागद घेऊन खोलीत जातात. एखादा शब्द अडला की चिठ्ठी बाहेर येते, आणि न्यायाधीश बहुधा ‘सूचना पुन्हा वाचा’ असं कळवतो, कारण आपल्या शब्दांत समजावताना घसरलो तर अपिलाला निमित्त. एकमत लागतं, 2020 पासून गंभीर गुन्ह्यांत ते सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे.

यातली एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. अमेरिकेत निर्दोष सुटलेल्याविरुद्ध सरकारला अपील करता येत नाही. त्यामुळे आरोपीच्या बाजूने चुकलेली सूचना वरच्या न्यायालयात क्वचितच तपासली जाते, आणि आज जे सूचनांचं शास्त्र दिसतं ते जवळपास सगळं दोषी ठरलेल्यांच्या अपिलांतून घडलेलं आहे. मुंबईत 1959 साली खुनाच्या खटल्यात कावस नानावटीला ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं तेव्हा गोष्ट वेगळी होती. तिथे मुद्दा स्वसंरक्षणाचा नव्हता. झटापटीत चुकून गोळी सुटली, असं बचाव पक्षाचं म्हणणं होतं. सत्र न्यायाधीश मेहता यांना कौल पटला नाही आणि जुन्या फौजदारी संहितेच्या आधाराने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. अपघात झाला हे दाखवण्याचा भार आरोपीवर आहे, हे ज्युरीला सांगायचंच राहिलं, ही उच्च न्यायालयाने काढलेल्या चुकांपैकी एक. म्हणजे मेहतांच्या स्वतःच्याच सूचनेतली चूक. कौल बाजूला सारला गेला, नानावटीला जन्मठेप झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. स्पोकेनमध्ये आठ विरुद्ध एक हा कौलच ठरला नसता, आणि निर्दोषतेचा कौल एकदा वाचून झाल्यावर तर न्यायाधीशाला तो कोणाकडे पाठवायची सोयच नव्हती.