बक्षीस, दस्तुरी आणि लाच : रेघ कुठे ओढायची?

देवळीतील एका सुतार बांधवाने मागे आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. एका कार्यालयासाठी त्याने बाके बनवून दिली होती. काम पसंत पडले, बिल सादर झाले आणि टेबलावर अडकून बसले. तिथला कारकून एके दिवशी हसत म्हणाला, "चाचा, घरच्या कपाटाचा एक पल्ला लटकतोय, जरा बघून जा ना." चाचा गेले. पिशवीतल्या दोन बिजागऱ्या लावल्या, पैसे घेतले नाहीत. आठवड्याभरात बिल निघाले. "आता सांगा," चाचा म्हणाले, "मी माणुसकी केली की रिश्वत दिली? मी तर एक पैसाही दिला नाही."

आमच्याकडे तेव्हा तयार उत्तर नव्हते. पण हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. दुकान, कारखाना किंवा गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतोच.

नावे अनेक, व्यवहार दोन

आपल्या भाषेत या देण्याघेण्याला नावांची कमतरता नाही. कामावर खूश होऊन दिले ते बक्षीस. दिवाळीला गड्याला व पोस्टमनला देतात ती पोस्त, ईदला देतात ती ईदी. दलालाचा किंवा मध्यस्थाचा रिवाजाने ठरलेला हिस्सा म्हणजे दस्तुरी. मग चहापाणी, चिरीमिरी आणि शेवटी लाच. अडचण अशी की देणारा आणि घेणारा दोघेही लाचेला लाच कधीच म्हणत नाहीत. ते यादीतले एखादे सोज्वळ नाव उचलतात. म्हणून नावावरून निवाडा करता येत नाही आणि रकमेवरूनही येत नाही.

उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे घ्या. देवळी हा कापसाचा मुलूख. हंगामात गाड्यांची रांग लागते. हमालाने गाडी नीट उतरवली, हमाली चुकती झाली आणि मालकाने खुशीने वर दहा रुपये चहाला दिले, तर ते बक्षीस. पण तेच दहा रुपये "माझी गाडी आधी घे" म्हणून दिले, तर मागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याची पाळी आपण विकत घेतली. मापाऱ्याला किंवा कापसाची प्रत व ओलावा ठरवणाऱ्याला दिले, तर प्रकरण आणखी गंभीर. कारण त्याच्या हातातला काटा त्याचा स्वतःचा नाही. तो खरेदीदार आणि विकणारा या दोघांची अमानत आहे.

हमालाने आपली मेहनत दिली, ती त्याची होती. मापाऱ्याने माप दिले, ते त्याच्या मालकीचे नव्हते. जे स्वतःचे नाही ते विकले की लाच झाली. आमच्या मते रेघ इथे आहे.

घरी बसला असता तर?

ही कसोटी नवी नाही. सहीह बुखारी आणि मुस्लिममधील प्रसंग अनेकांनी ऐकला असेल. इब्ने लुत्बिय्या नावाच्या व्यक्तीला जकात वसूल करण्यासाठी पाठवले होते. परत आल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले. हा तुमचा, आणि हा मला भेट मिळालेला, असे तो म्हणाला. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा की, हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय?

हा प्रश्न चाचांच्या बिजागऱ्यांना लावून पाहा. तो कारकून त्या टेबलावर नसता तर चाचा फुकट पल्ला बसवायला गेले असते काय?

कायदा काय म्हणतो

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ सालचा. २०१८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. व्यापाऱ्यांनी त्यातील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, लाच म्हणजे केवळ रोकड नव्हे. वस्तू, फुकटची मजुरी, कुठलाही गैरवाजवी लाभ त्यात येतो. दुसरी, काम नियमात बसणारे असले तरी सुटका नाही. रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेवर निकाली काढण्यासाठी पाच हजार मागणारा लोकसेवक दोषी, असे उदाहरण खुद्द कायद्यातच दिले आहे. "मी चुकीचे काम करून घेतले नाही, फक्त लवकर करून घेतले" हा बचाव म्हणूनच लंगडा आहे. तिसरी, घेणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद आहेच, पण आता देणाराही स्वतंत्र गुन्हेगार आहे आणि त्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. चौथी सर्वांत कामाची. ज्याला नाइलाजाने द्यावे लागले त्याने सात दिवसांच्या आत पोलीस किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे कळवले, तर त्याला हे कलम लागत नाही. देण्याआधीच कळवून सापळ्यात साथ देणाराही सुरक्षित आहे. विभागाचा मोफत क्रमांक १०६४ आहे.

केवळ दिरंगाई होत असेल तर राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. अर्जाची पोच घ्यावी आणि मुदत टळली की अपील करावे. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

आपल्या पदराखाली

इथवर वाचून आपण मान डोलावली असेल. पण आता आरसा आपल्याकडे वळवू. घरमालक सुताराला विचारतो, "प्लायवूड कोणते घेऊ?" सुतार दुकान सांगतो, आणि दुकानदार मागाहून सुताराच्या हातावर कमिशन ठेवतो. रंगाच्या डब्यातून रंगाऱ्यासाठी कूपन निघते. गाडीचा मिस्त्री ज्या दुकानातून पार्ट आणायला सांगतो, तिथेही त्याचा हिस्सा असतो. यातले कोणी लोकसेवक नाही, म्हणून वरचा कायदा इथे लागत नाही. पण कसोटी तीच लागते. घरमालकाने आपल्या जाणकारीवर भरवसा टाकला. तो भरवसा आपण दुकानदाराला विकला काय? कमिशन दिले म्हणून दुकानदाराने भाव चढवला, तर ते पैसे अखेर घरमालकाच्याच खिशातून गेले.

उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. "या दुकानातून मला अमुक मिळते, तुम्ही दुसरीकडेही भाव काढा," एवढे एक वाक्य आधी बोलावे. ऐकून मालक राजी असेल तर तो उघड मेहनताना झाला. हे वाक्य जिभेवर येत नसेल, तर समजावे की पैशात काही तरी खोट आहे.

कारखान्याच्या खरेदी-अधिकाऱ्याला ईद-दिवाळीला मिठाईचा डबा द्यायचा असेल तर कार्यालयात, सर्वांसमोर द्यावा. घरी, अंधारात आणि ऑर्डरच्या तोंडावर पोहोचणारा डबा मिठाईचा राहत नाही. जो खर्च वहीत खऱ्या नावाने लिहिता येत नाही, तो करू नये.

चाचांना उत्तर

चाचांना आम्ही नंतर गाठले आणि सांगितले, पल्ला जरूर बसवायचा होता, पण बिल निघाल्यावर, आणि बिजागऱ्यांचे पैसे व मजुरी घेऊन. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मजुरी मागितली असती तर बिल आणखी महिनाभर अडले असते. उसनवारीने लाकूड आणले होते."

ही अडचण खोटी नाही आणि तिच्याकडे डोळेझाक करून उपदेश करणे सोपे आहे. एकटा कारागीर महिनाभर तग धरू शकत नाही. पण गावातले दहा सुतार आणि दहा लोहार मिळून पोच घेऊ लागले, अपिले करू लागले, अडलेल्या बांधवाला महिनाभर लाकूड उधार देऊ लागले, तर एकट्या चाचांना बिजागऱ्या घेऊन कोणाच्या घरी जावे लागणार नाही. हलाल रोजीची राखण अशा वेळी एकट्याच्या इमानावर सोडून चालत नाही, बिरादरीला हात द्यावा लागतो.