अचूक नेमाचे शास्त्र – भाग ७ : पुंगळी आणि चेंबर

नळीतल्या आट्यांबद्दल मागच्या भागात लिहिले. आज तिच्या मागच्या टोकाला, काडतूस बसते त्या चेंबरकडे वळू. अमेरिकेतले बेंचरेस्ट (टेबलावर रायफल टेकवून नेम धरणारे) नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.) त्यांची खरी मेहनत पितळी पुंगळीवर असते.

बार उडाला की पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते. बाहेर येताना ती चेंबरचे माप घेऊनच येते. .३०८ विंचेस्टरचे उदाहरण घ्या. बोल्टच्या तोंडापासून पुंगळीच्या खांद्यावरच्या ठरावीक रेषेपर्यंतची जागा, म्हणजे हेडस्पेस, चेंबरमध्ये १.६३० ते १.६४० इंच चालते. कारखान्याचे काडतूस मात्र १.६२७ ते १.६३४ इंचांचे असते, कारण ते कुणाच्याही रायफलीत बसले पाहिजे. ज्याला एकाच रायफलीसाठी भरायचे आहे त्याने ही तडजोड का सोसावी? तो उडालेली पुंगळी मोजतो आणि डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) तिचा खांदा जेमतेम एक-दोन हजारांश इंच मागे बसवतो.

खांदा दर वेळी जास्त मागे ढकलला, तर पुंगळी दर बाराला ताणली जाते आणि बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून तिथे चकचकीत कडे दिसते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली की त्याच जागी खाचेत अडकते. अशा पुंगळीचे पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकतात.

मानेचा, म्हणजे गोळी धरणाऱ्या अरुंद टोकाचा, हिशेब याहून नाजूक. १९७५ साली लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी ६ पीपीसी हे काडतूस घडवले. त्याच्या स्पर्धेच्या रायफलींत चेंबरची मान बहुधा .२६२ इंचांची असते, म्हणून पुंगळीची मान बाहेरून तासून सगळीकडे सारख्या जाडीची करतात. गोळी बसवल्यावर फट उरते एक-दोन हजारांश इंचाची. तीही उरली नाही तर मानेला फुगायला जागा मिळत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक चढतो. लांबी वाढलेल्या पुंगळीचेही तेच. तिचे तोंड चेंबरच्या टोकाला चिमटते, म्हणून ती वेळच्या वेळी कापावी लागते.

पितळ दर वेळी वाकवल्याने कडक होते आणि त्यात ताणही उरतो. अशा ताणाचा फटका जुना आहे. ब्रिटिश काळात भारतात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. घडवताना पितळात राहिलेला ताण आणि जनावरांच्या मुताचा अमोनिया यांची ती करणी, हे १९२१ मध्ये उलगडले. उपाय निघाला तो तापवून ताण उतरवण्याचा. हातभरणी करणारेही कडक झालेली मान तापवून मऊ करतात, पण आच मान-खांद्यापुरतीच ठेवतात. साऱ्या दाबाचा भार बूड पेलते, त्यामुळे ते कडकच राहिले पाहिजे. चुकून बूड तापलेली पुंगळी मोडीत टाकावी, पुन्हा भरू नये.