जुन्या बेस गिटारची पारख

लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा तिची मान बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेली होती. बेस गिटारचा सेकंडहँड बाजार बराचसा या रचनेवर उभा आहे. मान, पिकअप, ब्रिज, ट्यूनर, पॉट (आवाज व टोन कमी-जास्त करणारे नॉब) असा प्रत्येक भाग सुटा होतो, बदलता येतो आणि दुसऱ्या वाद्यावर चढवता येतो. म्हणूनच साठ वर्षांपूर्वीची बेस आजही मंचावर वाजते. तिच्यात मूळचे किती उरले आहे, हा प्रश्नही त्याचमुळे उभा राहतो.

विकत घेताना दोषांची दोन गटांत विभागणी करावी: थोडक्या पैशांत दुरुस्त होणारे आणि वाद्याची किंमतच खाणारे. पॉट फिरवताना खरखर येणे, जॅक सैल असणे, तारा गंजणे, ॲक्टिव्ह बेसमधली ९ व्होल्टची बॅटरी संपणे हे पहिल्या गटात येतात. ते दाखवून घासाघीस जरूर करावी, पण तेवढ्यासाठी चांगले वाद्य हातचे सोडू नये. दुसऱ्या गटातले बहुतेक दोष मानेत असतात.

चार तारांचा एकत्रित ताण साधारण ७५ ते ८० किलो भरतो आणि तो मानेला रात्रंदिवस सोसावा लागतो. त्याला तोलण्यासाठी मानेच्या आत ट्रस रॉड ही पोलादी सळई बसवलेली असते. तपासणी सोपी आहे. तारा सुरात लावून जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबावी. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट उरते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट योग्य. ती जास्त असेल तर रॉड आवळून कमी करता येते. पण रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असून मान तरीही वाकलेली असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मानेला पीळ पडला आहे का, हे एका टोकाकडून डोळा लावून दोन्ही कडा न्याहाळल्या की कळते. साध्या ट्रस रॉडने पीळ निघत नाही. फ्रेटवरच्या उथळ खाचा घासून सपाट होतात, मात्र खोल खाचांसाठी नवे फ्रेट बसवावे लागतात. त्याची मजुरी स्वस्त बेसच्या किमतीला सहज भिडते. शेवटी ॲम्प न लावता एकेका फ्रेटवर प्रत्येक तार छेडावी. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपासचा एखादा स्वर लवकर विझणे हा फेंडर घडणीच्या अनेक मानांचा स्वभावच आहे. तो कितपत खपवून घ्यायचा, हे वाजवणाऱ्याच्या कानाने ठरवावे.

संग्राहकांच्या बाजारात हिशेब वेगळा असतो. सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १९६५ च्या जानेवारीत फेंडर कंपनी विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना आज फार मोठी किंमत येते, आणि जिथे किंमत तिथे बनावटही. वाद्याचे साल ठरवताना नुसत्या अनुक्रमांकावर विसंबू नये. मानेच्या बुडाशी, स्क्रू काढल्यावर दिसणाऱ्या जागी, अनेकदा तारीख असते. पॉटच्या पाठीवर अंक कोरलेले असतात. उदाहरणार्थ, १३७६६३३ मध्ये १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक, ६६ हे साल आणि ३३ हा आठवडा. मात्र या अंकांवरून वाद्य कधीच्या आधीचे नाही एवढेच कळते, कारण कारखान्यात पॉट काही वर्षे पडूनही राहत. शिवाय पॉटवरचे सोल्डरचे टाके मूळचे आहेत की पुन्हा दिलेले, हे नीट पाहावे. मूळ रंग खरवडून नवा दिलेला असेल तर वाद्य उत्तम वाजत असूनही त्याचा भाव निम्म्यापर्यंत घसरतो. रोज वाजवणाऱ्याने नेमकी हीच बेस शोधावी: आवाज तोच, पैसे कमी.

ॲम्पची पारख अधिक जोखमीची, कारण तिथे चूक जिवावर बेतू शकते. ॲम्पेग कंपनीने १९६९ साली आणलेला एसव्हीटी ३०० वॉटचा होता आणि त्यात १४ ट्यूब होत्या. अशा ॲम्पमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. जाणकाराशिवाय कोणीही आत हात घालू नये. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तोच त्यातला सर्वांत महाग भागांपैकी एक.

आजचे क्लास-डी ॲम्प हेड दोन-तीन किलोंचे असते आणि लोकलमधूनही नेता येते. ते जुने झाल्यावर मात्र अडचण होते. बारीक सुट्या भागांचे सर्किट बिघडले की बहुधा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो, आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले असेल तर बोर्ड मिळणे कठीण. ऐंशीच्या दशकातला जड ट्रान्झिस्टर ॲम्प मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे सुटे भाग घालून चांगला मेकॅनिक पुन्हा उभा करतो. ज्याला ॲम्प घरीच ठेवायचा आहे, त्याने वजनाला घाबरू नये.

स्पीकर कॅबिनेट घेताना स्पीकरचा पडदा दोन्ही तळव्यांनी हलकेच, सरळ आत दाबावा. खरवडल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे असे समजावे. ओहमचा हिशेबही चुकवू नये. ८ ओहमची दोन कॅबिनेट नेहमीच्या पद्धतीने समांतर जोडली की भार ४ ओहमचा होतो, आणि ॲम्पची मर्यादा त्याहून वरची असेल तर ट्रान्झिस्टर जातात. गिटारची बारीक केबल स्पीकरला लावणेही तितकेच घातक.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला ॲम्प बहुधा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. तो इथल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळतो. काही नव्या ॲम्पना दोन्ही दाब चालतात. पाठीमागची पट्टी वाचून खात्री करावी. तसे नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन लागतो. स्टेपडाउनने व्होल्ट उतरतात, पण हर्ट्झ ५० च राहतात. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर त्यामुळे जास्त तापतो. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवून घ्यावी, आणि हे काम पहिल्यांदा वाजवण्याआधीच करावे.

विकणाऱ्याने दोष स्वतः सांगावेत आणि काढून ठेवलेले मूळ भाग वाद्यासोबत द्यावेत. त्या भागांमुळे भाव राहतो. अनुक्रमांक, मानेचे बूड आणि पॉटचे अंक यांचे फोटो दिले की निम्मे प्रश्न मिटतात. चोरीच्या मालापासूनही असेच संरक्षण मिळते. प्रसिद्ध बेसवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची जॅझ बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली आणि सुमारे वीस वर्षांनी एका दुकानात सापडली. मालकीचा वाद मग कोर्टात गेला.

कुरिअरने पाठवताना तारा थोड्या सैल कराव्यात आणि हेडस्टॉकखाली भक्कम आधार द्यावा. ट्यूब ॲम्प असेल तर ट्यूब काढून, कोणती कुठली हे लिहून, वेगळ्या गुंडाळाव्यात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आलेली बेस काही दिवस केसमध्येच, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. मान तिथल्या हवेला रुळली की मगच ट्रस रॉडला हात लावावा, आणि तोही एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये.