डीजेच्या मिक्समधला आवाज कोणाचा?

पनवेल-उरण पट्ट्यात हळदीची रात्र म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. आगरी-कोळी गाण्यांवर अख्खा मांडव नाचत असतो आणि मध्येच गाणं तुटतं. बेस जातो. एक भारदस्त पुरुषी आवाज समोरच्या डीजेला आव्हान देतो, आपल्या डीजेचं नाव घेतो आणि लगेच ठेका दुप्पट जोराने कोसळतो. या बोलण्याला सगळे ‘डायलॉग’ म्हणतात. स्पीकरची ताकद दाखवायला बनवलेल्या ‘साउंड चेक’ ट्रॅकमध्ये तर तो हवाच. डीजेचं नाव ट्रॅकभर वाजत राहतं. बोलणारा मात्र अनामिक.

नाचाच्या ठेक्यावर असं बोलणं चढवण्याची रीत रुजवण्यात शिकागोच्या हाउस संगीताचा मोठा वाटा आहे. तिथली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८६ साली लॅरी हर्डने ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने ‘कॅन यू फील इट’ काढलं. त्यात शब्दच नव्हते. पुढच्या वर्षी ‘रिदम कंट्रोल’च्या ‘माय हाउस’ या रेकॉर्डवर चक रॉबर्ट्स बोलला. धाटणी कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या प्रवचनाची, विषय हाउसचा जन्म, आणि मांडणी बायबलच्या उत्पत्तिकथेसारखी. रेकॉर्डवर हा आवाज संगीताशिवायही दिला होता, त्यामुळे तो दुसऱ्या कशावरही चढवता येई. १९८८ मध्ये तो हर्डच्या सुरावटीवर बसवलेली आवृत्ती निघाली आणि दोन वेगळ्या रेकॉर्डींचं कायमचं लग्न लागलं. आज कितीतरी जणांना ते प्रवचन त्याच गाण्यासाठी लिहिलंय असंच वाटतं.

तेव्हाची यंत्रं तोकडी होती. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. आता लॅपटॉपवर हवं तेवढं बोलणं बसतं, पण कसब तेच. आवाजातला खालचा घुमारा काढायचा, शेवटच्या शब्दाला इको द्यायचा आणि वाक्य नेमकं समेआधी संपवायचं. एक शब्द जरी ठेक्यावर सांडला, तरी नाचणारे पाय अडखळतात.

त्याच ‘कॅन यू फील इट’वर मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषणही चढवलं गेलं. आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकांत भीमगीतांच्या मिक्समध्ये बाबासाहेबांचे विचार ऐकू येतात. पनवेलहून सुरू होणारा गोव्याचा महामार्ग ज्या महाडवरून जातो, तिथल्या चवदार तळ्याचा, २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाचा उल्लेख तर या गीतांत हमखास येतो. अशा मिक्समधली मराठी वाक्यं बरेचदा कुणा नटाने किंवा निवेदकाने म्हटलेली असतात, आणि ऐकणारा ती बाबासाहेबांचाच आवाज समजून ऐकतो. म्हणून तरी ट्रॅकच्या नावाखाली बोलणाऱ्याचं नाव यायला हवं. बाबासाहेबांचा खरा आवाज ऐकायचा, तर बीबीसी रेडिओने १९५५ मध्ये घेतलेली त्यांची इंग्रजी मुलाखत आजही उपलब्ध आहे.