सुटीतील प्रवास आणि प्राणिसंग्रहालये

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्या घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. रजा प्रवास सवलतीचा हिशेब होतो, नकाशा पुढे ओढला जातो आणि नातेवाइकांकडे पत्रे, दूरध्वनी जाऊ लागतात. मुले शिक्षणासाठी परगावी गेलेली असली म्हणजे अशा प्रवासाला पुष्कळदा पतिपत्नी दोघेच निघतात. देवस्थाने, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांचे दिवस घरूनच ठरलेले असतात. प्राणिसंग्रहालय मात्र ‘वेळ उरलाच तर’ या सदरात जाऊन पडते. मग वेळ उरतो तो भर दुपारचा. वाघ सावलीत पाठ फिरवून झोपलेला असतो, पक्षी पानांआड गेलेले असतात, आणि दोघांपैकी एक जण पुढे तर दुसरे बाकावर, अशी स्थिती होते. याहून वाईट म्हणजे फाटकावर ‘आज बंद’ अशी पाटी दिसते आणि शंभर-दोनशे मैल रेल्वेने येऊन साधलेला दिवस वाया जातो.

हे टाळणे कठीण नाही. त्यासाठी प्राणिसंग्रहालयाचा दिनक्रम कोणाच्या सोयीने चालतो, एवढे मात्र ध्यानात घ्यावयास हवे. तो प्रेक्षकांच्या सोयीने चालत नाही, प्राण्यांच्या सोयीने चालतो.

बंद दिवसाचे रहस्य

भारतातील प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यात १९९१ साली दुरुस्ती करण्यात आली आणि तदनुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. मान्यतेसंबंधीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे लागते. अनेकांना ही कर्मचाऱ्यांची साप्ताहिक सुटी वाटते. वस्तुतः त्या दिवशी आवारांची डागडुजी, पाणवठ्यांची सफाई, औषधोपचार अशी गर्दीत न होणारी कामे उरकली जातात. अनेक ठिकाणी मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातील एक दिवस उपास घडविण्याची प्रथा आहे. रानातील वाघाला रोज शिकार मिळत नाही, त्याचे हे अनुकरण होय. याखेरीज हजारो माणसांच्या नजरा व आवाज यांपासून प्राण्यांना लाभणारी एक दिवसाची विश्रांती, हा त्यांचा हक्कच समजावयास हवा.

अडचण एवढीच, की हा दिवस सर्वत्र एक नाही. मुंबईची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि पुण्यातील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ही दोन्ही बुधवारी बंद असतात. बुधवारी सार्वजनिक सुटी आल्यास राणीची बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला सोमवारी सुटी असते, नागपूरच्या गोरेवाडा उद्यानालाही सोमवारीच, आणि गोव्यातील बोंडला येथे गुरुवारी. महाराष्ट्राबाहेर हैदराबादला सोमवार, म्हैसूरला मंगळवार, दार्जिलिंगला गुरुवार आणि दिल्लीला शुक्रवार. म्हणजे सोमवारी सकाळी हैदराबादला आणि तेथून रात्रीच्या गाडीने मंगळवारी म्हैसूरला पोहोचणाऱ्या दांपत्याच्या पदरी दोन्हीकडे बंद फाटकेच येतील.

रोगराईमुळेही संग्रहालये अचानक बंद होतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये बर्ड फ्लूमुळे दिल्लीचे राष्ट्रीय प्राणिउद्यान बंद ठेवावे लागले होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संबंधित संग्रहालयाचे अधिकृत संकेतस्थळ पाहावे किंवा दूरध्वनीवर चौकशी करावी. तिकीट खिडकी फाटकापूर्वी बरीच आधी बंद होते, हेही विचारून घ्यावे.

एका प्रवासाची मांडणी

लातूर-उदगीर भागातील एखाद्या शिक्षक दांपत्याचे उदाहरण घेऊ. मराठवाड्याला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख त्याच राज्यात होता आणि आजही तेथे कोणाचे ना कोणाचे आप्त निघतातच. या दांपत्याला आठ दिवसांत हैदराबाद आणि म्हैसूर पाहावयाचे आहे.

हैदराबादचे नेहरू प्राणिउद्यान ६ ऑक्टोबर १९६३ रोजी खुले झाले. मीर आलम तलावाला लागून असलेल्या या उद्यानाचा विस्तार ३८० एकरांचा आहे. तो दोन तासांत पाहून होत नाही. त्यासाठी संपूर्ण दिवस द्यावा आणि तो शुक्रवार असावा. शनिवार-रविवारी तेथे गर्दी लोटते. शिवाय शहरातील प्रसिद्ध सालारजंग वस्तुसंग्रहालय शुक्रवारीच बंद असते. त्यामुळे शुक्रवारी प्राणी, शनिवारी सालारजंग व चारमिनार आणि शनिवारी रात्री म्हैसूरची गाडी, असा क्रम आपोआपच जुळतो. रविवारी म्हैसूरला पोहोचल्यावर थोडी विश्रांती घेऊन दुपारनंतर कारंजी तलावाकाठचे पक्षी पाहावेत. रविवारी संध्याकाळी म्हैसूरच्या राजवाड्यावर दीपरोषणाई असते, तीही साधते. सोमवारी फाटक उघडताच प्राणिसंग्रहालय.

म्हैसूरचे हे संग्रहालय १८९२ साली महाराजा चामराजेंद्र वडियार यांनी राजवाड्याचे खासगी संग्रहालय म्हणून सुरू केले. आज त्याची गणना देशातील उत्तम संग्रहालयांत होते. २०२१ मध्ये जर्मनीतून आणलेले गोरिला येथे पाहावयास मिळतात. दाट वृक्षांच्या सावलीतून एकाच वाटेने पुढे जात राहावे अशी रचना असल्याने वाट चुकण्याचा प्रश्न येत नाही. पण मागे वळणे मात्र जड जाते. म्हणून जे पाहावयाचे ते तेथेच थांबून पाहून घ्यावे.

ज्यांना महाराष्ट्राबाहेर जावयाचे नाही त्यांना पुणे-मुंबईची जोडी सोयीची आहे. फक्त बुधवार तेवढा प्रवासात घालवावा. पुणे महानगरपालिकेने १९५३ साली उभारलेल्या पेशवे उद्यानातील प्राणी १९९९ मध्ये कात्रजला हलविण्यात आले. तलावासह सुमारे १३० एकरांच्या या परिसरात गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे आहेत. ज्यांनी लहानपणी पेशवे उद्यानातील येरझाऱ्या घालणारा वाघ पाहिला आहे त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. मुंबईची राणीची बाग तर १८६२ पासूनची. दक्षिण कोरियातून २०१६ मध्ये आणलेले हंबोल्ट पेंग्विन हे तिचे आजचे मोठे आकर्षण आहे. हे पक्षी मूळचे पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावरचे असल्याने त्यांच्यासाठी थंड हवेचे स्वतंत्र दालन बांधले आहे. तेथील रांग मोठी असते, तेव्हा सकाळी आधी तिकडेच वळावे. मात्र या बागेत २८० हून अधिक जातींचे वृक्ष आहेत, ही गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. लाल फुलांचे झुबके मिरविणारी उर्वशी तेथे आहे, गोरखचिंच आहे, कैलासपती आहे. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असून त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले.

दोघांची चाल, दोघांची आवड

वृक्षांचा उल्लेख येथे हेतुपूर्वक केला आहे. दोघांच्या आवडी सारख्या असतातच असे नाही. एकाला सर्पोद्यानापाशी तासभर रमावेसे वाटते, तर दुसऱ्याला तेथे क्षणभरही थांबवत नाही. एकाचे गुडघे दुखत असतात, दुसऱ्याला सर्व काही पाहून संपविण्याची घाई असते. अनेक घरांत बेत पतीने आखावयाचा आणि पत्नीने पिशवी घेऊन मागून चालावयाचे अशी रीत अजूनही आढळते. तिच्यामुळे सहलीचा अर्धा आनंद जातो. आदल्या रात्री दोघांनी मिळून उद्यानाचा नकाशा पाहावा, प्रत्येकाने आपल्या आवडीचे तीन-चार प्राणी सांगावेत आणि दिवसाचा मोठा भाग त्यांनाच द्यावा. उरलेले जाता-जाता दिसतील तेवढे पुरे. मोठ्या उद्यानांत विजेरीवर चालणाऱ्या गाड्या असतात. त्यांचे तिकीट काढण्यात कमीपणा मानू नये. ज्याला चालणे झेपत नाही त्याने गाडीने पुढे जावे आणि ठरलेल्या ठिकाणी दोघांनी भेटावे.

वेळेचेही तसेच. मार्जारकुळातील मोठे प्राणी पहाटे व संध्याकाळी हालचाल करतात आणि दुपारी झोपतात. माणसाने हाका मारून हा नियम बदलत नाही. पक्षी आणि माकडे सकाळीच पाहावीत. याउलट सुसरी, मगरी व कासवे यांना घाई नसते. थंडीच्या दिवसांत ऊन चढल्यावर ती अंग शेकण्यासाठी काठावर येऊन पडतात, त्यामुळे दिवाळीच्या सुटीत त्यांच्यासाठी अकरा-बाराची वेळ उत्तम. मे महिन्यात मात्र अकरा ते चार हा काळ माणसांनीही सावलीत काढलेला बरा.

सुटी कोणती यावरही काय दिसेल हे अवलंबून असते. सांबर नराची फाटेदार शिंगे दरवर्षी गळून पडतात व नव्याने उगवतात. मध्य भारतात ती साधारणतः मार्च-एप्रिलच्या सुमारास गळतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत बिनशिंगांचा सांबर दिसला तर ती मादीच असेल असे नाही. काही नरांच्या डोक्यावर मखमलीसारख्या लवदार कातडीने झाकलेले नवे कोंब दिसतील. काळविटाची पिळदार शिंगे मात्र गळत नाहीत, ती जन्मभराची असतात. मोराचे उलट आहे. पावसाळा संपता-संपता त्याचा पिसारा झडतो, त्यामुळे दिवाळीत मोर पाहून हिरमुसले होण्याची पाळी येते. पिसारा पाहावयाचा तर मे-जून गाठावा. शिक्षकांनी अशी निरीक्षणे एखाद्या वहीत टिपून ठेवल्यास पुढे शाळेची सहल नेताना त्यांचा उपयोग होतो.

प्रेक्षकांचे उत्तरदायित्व

संग्रहालयातील प्राण्यांना चिडविणे, इजा करणे, खाऊ घालणे, आरडाओरडा करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे या सर्व गोष्टींना वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३८-ञ अन्वये मनाई आहे व त्या शिक्षेस पात्र आहेत. हरणाला प्रेमाने टाकलेला केळ्याचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीसकट जातो आणि ती पिशवी त्याच्या पोटात राहते. काही संग्रहालयांत पाण्याच्या बाटलीवर अनामत रक्कम घेऊन चिठ्ठी लावतात व बाटली परत आणल्यास रक्कम परत देतात. याची कटकट वाटू नये. खंदकाच्या कठड्यावर बसून छायाचित्र काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीच्या संग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या आवारात पडलेल्या एका तरुणाला प्राण गमवावे लागले.

प्राणिसंग्रहालये केवळ करमणुकीसाठी चालत नाहीत. १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने वन्यजीव संवर्धनाला हातभार लावणे हा त्यांचा मुख्य उद्देश ठरविला आहे. भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननमध्ये १९८० साली घडियाल या सुसरीची बंदिस्त अवस्थेत यशस्वी पैदास झाली. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिउद्यानात वाढलेल्या लाल पांडाच्या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या. ही माहिती घेऊन जो आवारापुढे उभा राहतो त्याला झोपलेला प्राणीही निराळा दिसतो.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. उसाच्या फडात सापडलेला जखमी बिबट्या किंवा आईपासून दुरावलेले बछडे वन विभागाकडे सोपविल्यावर जुन्नर तालुक्यातील माणिकडोह अथवा नागपूरचे गोरेवाडा यांसारख्या निवारा केंद्रांत नेले जाते. ‘आमच्या गावचा बिबट्या’ पाहण्यासाठी वाट वाकडी करून तेथे जाणारी मंडळी असतात. परंतु अशी केंद्रे प्रदर्शनासाठी नसतात. तेथील प्राण्यांना माणसांची सवय होऊ नये हाच त्यांचा हेतू असतो. गोरेवाडा येथे २६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेली भारतीय सफारी हा निराळा विभाग असून तो तिकीट काढून पाहता येतो.

आता पुन्हा त्या शिक्षक दांपत्याकडे वळू. सोमवारी दुपारी म्हैसूरचे संग्रहालय पाहून झाले, की सायंकाळची वेळ चामुंडी टेकडीसाठी मोकळी राहते. मंगळवारी संग्रहालयाचे फाटक बंद असेल आणि सफाई कामगार पाणवठे घासत असतील, तेव्हा ते दोघे परतीच्या गाडीत बसलेले असतील.